पावती एकीची, घर चौघांचे

गिरगाव, दादर, परळ, फोर्ट या भागांतल्या जुन्या इमारतींचे जिने चढताना एक गोष्ट लक्षात येते. दारावरच्या पाटीवर ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ जाऊन कित्येक वर्षे लोटलेली असतात आणि भाडेपावतीही अजून त्यांच्याच नावाने फाटत असते. घरात सध्या कोण राहते असे विचारले, तर उत्तर सावधपणे येते. 'भाचा आहे, शिकायला आलाय.' 'गावाकडची पाहुणी आहे, महिनाभर राहील.' भाच्याचे शिक्षण संपत नाही आणि पाहुणीचा महिनाही संपत नाही. शेजाऱ्यांना खरे काय ते ठाऊक असते, दूधवाल्यालाही असते. तरी दारात अनोळखी माणूस उभा राहिला की उत्तर तेच. भाडे वेळच्या वेळी भरणाऱ्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसांना आपल्याच घरात कोण राहते हे का लपवावे लागे?

या कोड्याचे उत्तर भाडेकायद्यात आहे. पण त्या कायद्याखाली जगणे म्हणजे काय, हे मला कळले ते एका कादंबरीतून. रोहिंटन मिस्त्री यांची 'अ फाइन बॅलन्स' १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिला कॅनडाचा गिलर पुरस्कार मिळाला आणि १९९६ मध्ये ती बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. मिस्त्री मुंबईत जन्मले, वाढले, सेंट झेवियर्समध्ये शिकले आणि १९७५ मध्ये कॅनडाला गेले. कादंबरीत शहराचे नाव कुठेही येत नाही. 'समुद्रकाठचे शहर' एवढेच. मुंबईकराला ओळख पटायला मात्र दोन-चार पाने पुरतात.

आणीबाणीतली कादंबरी म्हणून तिची नेहमी ओळख करून दिली जाते. ते खरेच आहे. पण तिच्या मध्यभागी एक लहानसा भाड्याचा फ्लॅट आहे आणि एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली चार माणसे त्यात आसरा घेतात. तो आसरा कसा उभा राहतो, कशावर टिकतो आणि कसा मोडतो, हे नीट समजून घ्यायचे तर शेवटही सांगावा लागेल. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

चौघे आले कुठून?

दीना दलाल ही चाळिशीतली पारशी विधवा. लग्नाच्या तिसऱ्या वाढदिवशी तिचा नवरा रुस्तम सायकलवरून बाहेर पडला आणि अपघातात गेला. भाऊ नुस्वान सांभाळायला तयार आहे, पण त्याच्या घरी राहायचे म्हणजे त्याच्या हुकमात राहायचे. म्हणून ती नवऱ्याच्या फ्लॅटला चिकटून राहते. शिवणकामावर पोट भरते. पुढे डोळे अधू होतात आणि सुईदोऱ्याचे बारीक काम झेपेनासे होते.

ईश्वर आणि त्याचा पुतण्या ओमप्रकाश हे दोघे शिंपी. मूळचे चामड्याचे काम करणाऱ्या जातीतले. ईश्वरच्या बापाने, दुखीने, गावाची रीत मोडून आपल्या दोन मुलांना तालुक्याच्या गावी अश्रफ नावाच्या मुसलमान शिंप्याकडे कामाला पाठवले. धाकटा मुलगा नारायण शिकून गावी परतला आणि निवडणुकीत आपले मत आपणच देणार म्हणून हटून बसला. ठाकूर धरमसीने त्याला हाल हाल करून मारले आणि त्याच्या घरच्यांना जाळले. नारायणचा मुलगा ओम आणि भाऊ ईश्वर त्या वेळी अश्रफकडे होते, म्हणून वाचले. पुढे तयार कपड्यांची दुकाने आली, अश्रफचा धंदा बसला आणि काका-पुतणे शहरात आले.

चौथा माणेक कोहला, डोंगराळ भागातल्या दुकानदाराचा मुलगा, वातानुकूलन यंत्रांचा अभ्यासक्रम करायला आलेला. वसतिगृहात त्याचे रॅगिंग होते, ती जागा त्याला नकोशी होते. त्याची आई दीनाची शाळासोबतीण. त्या ओळखीवर तो पैसे देऊन राहणारा पाहुणा म्हणून दीनाकडे येतो.

यातले कोणीही प्रेमापोटी एकत्र आलेले नाही. दीनाला भाड्याचे पैसे उभे करायचे आहेत, शिंप्यांना काम हवे आहे, माणेकला खोली. मिस्त्रींनी हे मुळीच गुळगुळीत केलेले नाही, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

गोठलेले भाडे

आता कायदा. पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसे वाढली, नवी बांधकामे थांबली आणि भाडी भडकली. म्हणून १९१८ मध्ये सरकारने भाड्यांवर पहिला लगाम घातला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते ते 'प्रमाण भाडे' मानायचे. जागा त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेली असेल तर तेव्हाचे भाडे धरायचे. कायद्याने परवानगी दिलेली किरकोळ वाढ सोडली तर त्यावर जायचे नाही. भाडेकरू हे भाडे देत राहील तोवर मालकाला त्याला मनास येईल तेव्हा बाहेर काढता येणार नाही.

हा कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढी घेत घेत अर्धशतक राहिला. त्या काळात महागाई कितीतरी पटींनी वाढली, भाडे तिथल्या तिथे थांबले. बाजारात जागेला मिळू शकणारी रक्कम आणि पावतीवरची रक्कम यांतली दरी दर वर्षी रुंदावत गेली. मालकाच्या दृष्टीने भाडेकरू हा स्वतःच्या मालमत्तेवर बसलेला कायमचा बोजा झाला, आणि भाडेकरूच्या दृष्टीने ती पावती म्हणजे आयुष्यातली सर्वांत मौल्यवान वस्तू झाली. पागडीचा, म्हणजे जागा देताना भाड्याखेरीज घेतल्या जाणाऱ्या रकमेचा, व्यवहार याच दरीतून फोफावला. पावतीबाहेर अशी रक्कम घेणे त्या कायद्याने गुन्हा होता, तरी सगळे शहर तो व्यवहार करत होते.

मात्र या संरक्षणाला अटी होत्या. लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेल्या खिडकीच्या जागेसारखे हे असते: बसून राहाल तोवर जागा तुमची, तिच्यावर दुसऱ्याला बसवून पैसे घेतलेत, किंवा मध्येच उठून गेलात, की हक्क संपला. कायद्यात मालकाला जागा परत मिळण्याची कारणे मोजून दिलेली होती. भाडे थकवणे. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे. राहण्यासाठी घेतलेली जागा दुसऱ्याच कामाला लावणे. सहा महिने कारणाशिवाय जागा बंद ठेवणे. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असणे. यातले एखादे कारण न्यायालयात सिद्ध केले तरच भाडेकरू निघे, आणि सिद्ध करायचे तर पुरावा हवा.

कादंबरीतला इब्राहिम म्हणजे पुरावा गोळा करायची मालकाची यंत्रणा. डोक्यावर फेज टोपी, हातात कागदपत्रांची फाइल, वयाने थकलेला हा भाडेवसुलीदार पुन्हा पुन्हा दीनाच्या दारात येतो. भाडे तर ती देतेच, मग हा इतक्या वेळा कशाला येतो? त्याची नजर दीनाच्या खांद्यावरून आत जाते ती मशीन शोधायला, पलंग मोजायला, परक्याची चप्पल दिसते का ते पाहायला. घरात शिवणयंत्र असले की जागा लगेच गेली असे नसते. वापर मुख्यतः राहण्याचा की धंद्याचा, यावर वाद चालतो. पण वाद चालला की वकील आला, तारखा आल्या, खर्च आला. हातातोंडाशी गाठ असलेल्या बाईला खटल्याची नुसती धमकीच पुरेशी होती.

यंत्र, ट्रंक आणि कुलूप

दीनाचे उत्पन्न येते कुठून हेही पाहायला हवे, कारण घरातली पहिली भांडणे तिथूनच सुरू होतात. परदेशी जाणारे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीकडून तिला कागदी नमुने आणि कापडाचे तागे मिळतात. ठरलेल्या तारखेला ठरलेले नग शिवून द्यायचे. कंपनीला हे सोयीचे, कारण कारखाना काढला तर कामगार आले, संघटना आली, संप आला. बाहेर शिवून घेतले की त्यातले काहीच अंगावर येत नाही. दीना मधली दलाल. शिंपी नगावर काम करणारे, यंत्रेही त्यांनीच भाड्याने आणलेली. एका झग्यामागे कंपनी दीनाला जे देते आणि दीना शिंप्यांना जे देते, त्यांतला फरक म्हणजे तिचे घरभाडे.

म्हणून तिची धास्ती ही: शिंप्यांना कंपनीचा पत्ता कळला तर ते थेट तिथे जातील आणि आपण मधल्या मध्ये उडून जाऊ. कंपनीत जाताना ती बाहेरून दाराला कुलूप लावते आणि शिंपी आत काम करत राहतात. ओम चिडतो. तिचा पाठलाग करायचा प्रयत्न करतो आणि रस्त्यात धडकून जखमी होतो. कुलूप लावणारी बाई दुष्ट नाही. तिच्या वरचा माणूस तिला ज्या दोरीने बांधतो, तीच दोरी ती खालच्याला बांधते. नगावर चालणाऱ्या साखळीतल्या मधल्या कडीचे वागणे असेच होते.

दुसरी धास्ती ट्रंकेची. सरकारी 'सुशोभीकरणा'त शिंप्यांची झोपडी बुलडोझरखाली जाते. सगळा संसार उरतो एका ट्रंकेत. ती ट्रंक तुमच्याकडे ठेवू का, असे ते दीनाला विचारतात आणि ती गडबडून जाते. आजच्या वाचकाला हा कोतेपणा वाटेल, पण १९७५ मधला मुंबईकर तसे म्हणाला नसता. दोनच वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये, भाडेकायद्यात दुरुस्ती झाली होती. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक नुसत्या परवान्यावर, म्हणजे भाडेकरूचा हक्क नसताना, दुसऱ्याच्या जागेत राहत होते, त्यांना या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. गरजूंसाठी ही मोठीच सोय होती. पण जागा धरून बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तिने एक भीती कायमची घातली: आत आलेला माणूस बाहेर जात नाही. आज ट्रंक, उद्या वळकटी, परवा दावा. दीना कायद्याची कलमे वाचत नाही, पण ती भीती तिच्यापर्यंत शेजारपाजाऱ्यांच्या आणि मैत्रिणींच्या बोलण्यातून पोहोचलेली आहे.

घराबाहेर मालक, घरात शिंपी, दोन्हीकडून जागा जाईल ही दीनाची धास्ती. अशा माणसाने दार उघडावे, ही गोष्ट सोपी नव्हती.

परके आपले कसे होतात

ते दार उघडते कसे, हा कादंबरीतला सर्वांत समृद्ध भाग आहे. मिस्त्री तिथे अजिबात घाई करत नाहीत.

सुरुवातीला दीना शिंप्यांचे चहाचे कप वेगळे ठेवते. ते आपल्या वेळेला बाहेर जाऊन जेवतात, ती आणि माणेक घरात जेवतात. माणेकने त्यांच्यात मिसळू नये अशी तिची इच्छा. माणेक ऐकत नाही. ओम त्याच्याच वयाचा; दोघांच्या चेष्टा, हिंडणे, स्वयंपाकघरातल्या मांजरीच्या पिल्लांना खाऊ घालणे सुरू होते. मग एक दिवस काका-पुतणे नाहीसे होतात. रस्त्यावर झोपलेल्यांना पोलीस उचलून नेतात तेव्हा हे दोघेही त्यांत सापडतात; त्यांना धरणाच्या कामावर वेठीला जुंपले जाते. दीनाच्या घरातली यंत्रे बंद पडतात, हप्ता चुकतो, आणि प्रथमच तिला उमगते की या दोघांच्या रात्रीच्या झोपेवर आपला दिवस अवलंबून आहे. ते परत येतात तेव्हा ती त्यांना व्हरांड्यात झोपायला जागा देते. ईश्वर भाडे विचारतो. ती घेत नाही.

भाडे न घेण्यामागे माया आहे तसाच शहाणपणाही आहे. पोटभाडेकरू ठेवला हे सिद्ध करायला दोन गोष्टी दाखवाव्या लागत: जागेच्या काही भागावर त्या माणसाचा स्वतंत्र ताबा आणि त्याबद्दल दिलेला मोबदला. मोबदलाच नसेल तर मालकाचा दावा लंगडा पडतो. कनवाळूपणा आणि सावधपणा इथे एकाच वाक्यात बोलतात. माणसे खऱ्या आयुष्यात अशीच वागतात. निखळ चांगुलपणाने दार उघडणारी दीना मला खरी वाटली नसती.

त्यानंतरचा बदल स्वयंपाकघरात होतो. शिंपी पोळ्या लाटतात, चौघांचा बाजार एकत्र येतो, कामे वाटली जातात. वेगळे कप कधी मिसळले ते कोणी जाहीर करत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' या पुस्तकात मांडले की, दोन गटांतली माणसे नुसती शेजारी राहिली म्हणून त्यांच्यातला दुरावा जात नाही, कधीकधी वाढतोसुद्धा. तो कमी व्हायला चार गोष्टी लागतात. त्या जागेपुरता तरी दर्जा बरोबरीचा हवा. उद्दिष्ट सामाईक हवे. ते गाठायला एकमेकांची मदत लागावी, आपसांत चुरस नसावी. आणि या मिसळण्याला वरच्या सत्तेचा, कायद्याचा किंवा रीतीचा पाठिंबा हवा. दीनाच्या घराला हे लावून पाहा. पहिल्या महिन्यांत बरोबरी नाही आणि दोन्हीकडे संशय, म्हणून रोजच्या सहवासाने कटुताच वाढते. मग तारखेच्या आत माल पोचवणे ही चौघांची गरज होते, चूल एक होते, व्हरांडा मिळतो. तीन अटी पुऱ्या होतात आणि दुरावा विरतो. चौथी अट मात्र शेवटपर्यंत पुरी होत नाही. बाहेरची एकही सत्ता या घराच्या बाजूने उभी राहत नाही. कायदा एका पावतीवरचे एक नाव ओळखतो. एकमेकांच्या आधाराने जगणारी चार माणसे त्याला दिसतच नाहीत.

झग्यांतून उरलेल्या चिंध्या दीना साठवत असते आणि त्यांची गोधडी शिवते. पुढे चौघे तिच्याकडे पाहत बसतात आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून आठवतात: हे कापड आले तेव्हा अमुक घडले, ते आले तेव्हा तमुक. जातीचा, धर्माचा, रक्ताचा सामाईक इतिहास नसलेल्या माणसांनी मिळून लिहिलेली ही बखरच म्हणायची. कुटुंब व्हायला सामाईक भूतकाळ लागतो. यांनी तो काही महिन्यांत, उरलेल्या कापडावर तयार केला.

दारातले उत्तर

मग इब्राहिम येतो आणि यंत्रे, शिंपी, माणेक सगळे एकदमच त्याच्या नजरेस पडतात. पळवाट उरलेली नसते. दीना तिथल्या तिथे सांगून टाकते: हा माझा नवरा, हे दोघे आमचे मुलगे, आणि हे सगळे कपडे माझेच, यंदाचे नवे.

हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे. भाडेकरूने आपले कुटुंब घरात ठेवण्यावर मालकाला बोट ठेवता येत नाही. घरात माणसे किती यापेक्षा ती तुमची कोण, यावर सगळे ठरते. कागदावर हे वाक्य सपशेल खोटे. दीना पारशी, ईश्वर चांभार, माणेक दुसऱ्याच आई-बापांचा. पण त्या दिवशी त्या घरात जे जगणे चालू होते त्याला यापेक्षा जवळचे वाक्य सापडणार नाही. कायद्यापुढे खरे बोलायचे तर घर जाणार आणि घर राखायचे तर जे खरोखर घडले आहे ते खोटे म्हणून सांगायचे. लेखाच्या सुरुवातीला आलेले 'भाचे' आणि 'पाहुण्या' याच कोंडीतून जन्मले. त्यांतल्या कित्येक घरांत तो भाचा खरोखरच भाच्यासारखा राहत असेल.

चौकट: भाडेपावती काय देई, काय मागे

१९४७ च्या कायद्याखाली भाडेकरूला जवळपास गोठलेले भाडे मिळे. ठरल्या कारणांवाचून त्याला काढता येत नसे. भाडेकरू वारला तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हा हक्क जाई. विधवेचे घर त्यामुळे वाचे. याच्या बदल्यात त्याने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवायचा नाही, राहत्या जागेचा धंद्याची जागा म्हणून वापर करायचा नाही आणि जागा बंद ठेवून निघून जायचे नाही. कुटुंबाबाहेरच्या माणसाला या हक्कात वाटा नसे. मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयात चालत.

घर मोडते कसे

मालक न्यायालयात जात नाही. तो गुंड पाठवतो. यंत्रे फोडली जातात, शिवलेले कपडे फाडले जातात. या वेळी मदतीला येतो तो भिकाऱ्यांचा मालक, बेगरमास्टर. वेठीच्या कामावर ईश्वर-ओमची शंकर या पाय नसलेल्या भिकाऱ्याशी ओळख झालेली असते. त्या ओळखीतून हा माणूस त्यांच्या आयुष्यात आलेला. ठरावीक हप्त्यांच्या बदल्यात तो घराला संरक्षण देतो, आणि ते खरोखर लागू पडते. जिथे न्यायालय लांब आणि पोलीस विकलेले, तिथे संरक्षण हीही विकत मिळणारी वस्तू होते. तिचा एकच दोष असतो: ती एका माणसाच्या जिवावर चालते. बेगरमास्टरचा खून होतो आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या घराचे संरक्षण शून्य.

तोवर घर आतूनही रिकामे झालेले असते. ओमचे लग्न ठरवायला काका-पुतणे अश्रफच्या गावी जातात. नवी सून आली तर व्हरांड्यात पडदा टाकून तिचीही सोय करायला दीना तयार झालेली आहे. ट्रंकेला घाबरणारी बाई इथवर आली. पण ते दिवस नसबंदीच्या आकड्यांचे होते. आणीबाणी २५ जून १९७५ च्या रात्री लागू झाली आणि २१ मार्च १९७७ ला उठली. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलेल्या आकड्यांनुसार १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्याआधीच्या वर्षाच्या तिपटीच्या आसपास. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. कादंबरीत बाजारातून माणसे उचलून शिबिरात नेली जातात. ईश्वरची जखम चिघळते आणि त्याचे पाय कापावे लागतात. ओमला ठाकूर धरमसी ओळखतो आणि त्याच्या हुकमावरून नसबंदीच्या पुढची शस्त्रक्रिया केली जाते. दोघे परत येतात ते भिकारी होऊन. तोवर दीनाचा फ्लॅट गेलेला, ती भावाच्या घरी, माणेक दुबईत.

यात एक धागा सहज निसटतो. या चौघांना एकत्र आणले कोणी? झोपड्या पाडणाऱ्या त्याच सरकारने. झोपडी पडली नसती तर ट्रंक दीनाकडे आली नसती, व्हरांडा मिळाला नसता. कादंबरीबाहेरही तसे घडत होते. १९७६ मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी उठवून हजारो लोकांना चीता कॅम्पला हलवण्यात आले. ज्या हाताने माणसे घराबाहेर फेकली, त्याच हाताने ती या घरात ढकलली आणि त्याच हाताने पुन्हा बाहेर ओढली. चौघांच्या आपसांतल्या नात्यात मोडण्यासारखे काहीही उरलेले नव्हते. वाचून झाल्यावर मनाला जी टोचणी लागते ती याची.

इतर घरे, इतर भाडी

परक्यांना एका छताखाली आणण्याची युक्ती कादंबरीकारांनी फार पूर्वीपासून वापरली आहे. प्रत्येक वेळी घराचे भाडे कोण आणि कसे देतो, यावर त्या आसऱ्याचे आयुष्य ठरते. बाल्झाकच्या 'पेर गोरियो'त, १८३५ च्या, पॅरिसमधल्या मादाम व्होकेच्या खाणावळवजा घरात म्हातारा गोरियो वर्षाला १,२०० फ्रँक देऊन खालच्या चांगल्या खोल्यांत येतो. मुलींवर पैसा उधळत जातो तसा एकेक मजला वर सरकतो आणि शेवटी महिना ४५ फ्रँकांच्या खोलीत पोचतो. तिथे दरपत्रक हेच नाते. एलिझाबेथ फॉन आर्निमच्या 'द एन्चान्टेड एप्रिल'मध्ये, १९२२ च्या, चार अनोळखी इंग्रज बायका इटलीतला एक किल्ला महिन्यासाठी ६० पौंडांना घेतात, भाडे चौघींत वाटतात. बरोबरी पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून मने लवकर जुळतात. मायकल ओंडाटजेच्या 'द इंग्लिश पेशंट'मधला १९४५ चा बॉम्बने फुटलेला इटालियन बंगला तर बिनमालकाचाच. तिथे भाडे नाही, म्हणून दारात इब्राहिम नाही; घर मोडते ते हिरोशिमाच्या बातमीने.

या सगळ्यांत मला मिस्त्रींचे घर अधिक जवळचे वाटते ते नुसते मुंबईचे आहे म्हणून नव्हे. भाडे, पावती आणि मालक या गोष्टी त्यांनी कथेच्या मागच्या पडद्यावर रंगवून सोडल्या नाहीत. प्रत्येक मायेच्या प्रसंगाला त्यांनी त्या भिडवल्या आहेत.

आता काय बदलले

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या पातळीवर भाडी गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे असे म्हटले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पागडीला त्याने मान्यता दिली. परवान्यावर दिलेल्या जागेचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवले. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ठरल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागते, आणि मालकाला जागा लवकर परत मिळण्यासाठी वेगळा मार्ग आहे. आत आलेला माणूस बाहेर जात नाही, ही १९७३ ची भीती या तरतुदींनी बरीचशी घालवली. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत आज एका फ्लॅटमध्ये चार गावांची चार मुले-मुली राहतात ती या कायद्याच्या आधारावर, बहुतेक वेळा ११ महिन्यांच्या करारावर. त्या करारात चौघांचीही नावे परवानाधारक म्हणून घालता येतात. दारात कोणी आले तर कोणाला कोणाचा भाचा व्हावे लागत नाही. मात्र चौघांचे एकमेकांशी कितीही जुळलेले असले तरी अकराव्या महिन्याच्या शेवटी त्या घरात राहायचे की नाही, हे ठरवणारा पाचवाच असतो.